ठिसूळ नखे : दोष पाण्याचा की रक्ताचा?

डिसेंबर-जानेवारीत बागलाण तालुक्यात उन्हाळी कांद्याच्या लागवडीची घाई सुरू झाली की आमच्या दवाखान्यातल्या तक्रारींचा रंग बदलतो. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, आणि हातांची तक्रार तर घरटी असते. परवा दिवेलागणीच्या सुमारास लागवडीच्या टोळीतल्या एक बाई शेतातून परस्पर दवाखान्यात आल्या. पदराआडचा हात पुढे करून म्हणाल्या, "डॉक्टर, मन्हा नख तुटी राह्यनात. कॅल्शियमनी गोळी द्या."

बाईंनी आजारही सांगितला आणि औषधही सांगून टाकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नख तुटले, नखावर पांढरा ठिपका दिसला की कॅल्शियम कमी झाले, हा समज सटाण्याच्या कॉलन्यांपासून पार पश्चिमेकडच्या पाड्यांपर्यंत सगळीकडे सारखाच आहे. तो रुजवण्यात आम्हा डॉक्टर मंडळींचाही हात आहे. माझा तर नक्कीच आहे, आणि ते मी आज लपवणार नाही. पण आधी नख ही काय वस्तू आहे ते थोडक्यात पाहू.

नख म्हणजे हाड नव्हे

नख कठीण असते, म्हणून आपण त्याला हाडाच्या नात्यातले समजतो. प्रत्यक्षात ते केसाचे, गाईच्या खुराचे आणि बैलाच्या शिंगाचे भावंड आहे. हे सगळे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. नखात कॅल्शियम असते, पण ते नावापुरते. नखाला कठीणपणा येतो तो प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या गंधकाच्या बंधांमुळे. त्यामुळे कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन नखे मजबूत होतील ही अपेक्षा फोल आहे. ज्यांच्या शरीरात कॅल्शियम खरोखर कमी असते त्यांनी ते जरूर घ्यावे, पण हाडांसाठी. आणि तो पांढरा ठिपका? बहुतेक वेळा नखाच्या मुळाला काही आठवड्यांपूर्वी बसलेल्या बारीकशा माराची ती खूण असते. दार लागले, खुरप्याची मूठ आपटली. आपण विसरून जातो, नख विसरत नाही.

नख तयार होते ते कातडीच्या आत, मुळाशी. अंगठ्यावर जो पांढरट अर्धचंद्र दिसतो तो या कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. एकदा बाहेर पडलेले नख निर्जीव असते. त्यात रक्त नाही, संवेदना नाही. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. म्हणून 'पंधरा दिवसांत नखे पोलादी' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत. कोणताही उपाय लागू पडला की नाही हे सहा महिन्यांच्या आत कळत नाही.

या हिशेबाचा एक गमतीचा उपयोग आहे. टायफॉइड, न्यूमोनिया, मोठे ऑपरेशन असे काही होऊन गेले की मुळातला कारखाना काही दिवस बंद पडतो आणि नखावर आडवी खाच उमटते. ही खाच मुळापासून किती मिलिमीटर पुढे आली आहे हे मोजले की आजार किती महिन्यांपूर्वी झाला ते सांगता येते. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या कितीतरी लोकांच्या दहाही बोटांवर अशी एका ओळीत खाच पाहिली. माणसे घाबरून येत. खाच पुढे सरकते, शेवटी कापली जाते, औषध लागत नाही.

पाणी नखाला कसे खाते

आता लागवडवाल्या बाईंकडे परत येऊ. त्यांचे नख टोकाला पापुद्रे सुटून तुटत होते. मी दोन्ही हात दिव्याखाली धरले. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, एवढ्याच नखांची ही अवस्था. डाव्या हाताची नखे जवळजवळ ठणठणीत. शेतकऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. लागवड करताना डाव्या हातात रोपांची जुडी असते आणि उजव्या हाताच्या बोटांनी एकेक रोप पाणी भरलेल्या वाफ्यात दाबायचे असते. उक्ते काम असते, हात थांबत नाही. दिवसभर नख चिखलात, दुपारी भाकरीच्या वेळी हात धुऊन कोरडे, पुन्हा चिखलात, संध्याकाळी घरी भांडी आणि साबणाचा सोडा.

नख पाणी चटकन पिते आणि चटकन सोडते. पाणी प्यायले की फुगते, सुकले की आकसते. एकदा-दोनदा झाले तर काही बिघडत नाही. पण दिवसातून दहा-वीस वेळा हे फुगणे-आकसणे झाले की नखाचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. चाळीतला कांदा एकदा भिजला आणि पुन्हा वाळला की त्याची पत्ती कशी सुटते, तोच प्रकार. साबण आणि सोडा नखातला उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेतात, त्यामुळे नुकसान दुप्पट. ठिसूळ नखांचे सर्वांत मोठे कारण हे आहे. दर पाच माणसांत एकाला केव्हा ना केव्हा ही तक्रार असते आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती जवळपास दुपटीने दिसते. त्यात आश्चर्य नाही, घरातले पाण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते ते आपण पाहतोच.

चहाच्या टपरीवर ग्लास विसळणारी मुले, हॉटेलातले आचारी, केशकर्तनवाले, दवाखान्यातल्या सिस्टर यांचीही हीच कथा. कोविडच्या दिवसांत दिवसातून साठ वेळा हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून माझीच नखे पापडासारखी मोडत होती. द्राक्षबागेत छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काडीला जी पेस्ट लावतात तीही कातडी व नखे भाजते. तिच्यासाठी रबरी हातमोजे घातलेच पाहिजेत. जाता जाता एक इशारा : ही पेस्ट हाताळलेल्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये. चेहरा लालबुंद होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे असा प्रकार होतो. नखांशी याचा संबंध नाही, पण बागायतदारांनी मजुरांना हे सांगायला हवे.

तर वाचकांनी पहिली गोष्ट ही पाहावी : कोणत्या बोटांची नखे बिघडली आहेत? कामाच्या हाताची तीन-चारच असतील, तर कारण बाहेरचे, म्हणजे पाणी, साबण, रसायन, मार. हाताची दहाही सारखीच बिघडली असतील, आणि त्यातही पायाची नखे तशीच झाली असतील, तर कारण आत शोधावे लागते. पायाची नखे भांडी घासत नाहीत. हा नियम शंभर टक्के लागू पडतो असे नाही, पण घरबसल्या करता येण्याजोगी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

मी केलेली चूक

आता कबुलीकडे वळतो. २०११ सालची गोष्ट. मोसम खोऱ्यातल्या एका गावच्या बाई आल्या, वय चाळिशीच्या आत. तक्रार एकच. नखे तुटतात, लुगड्याला अडकतात. आठवडे बाजाराचा दिवस, बाहेर बाकांवर पंचवीस-तीस माणसे. मी नखांकडे ओझरते पाहिले आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा त्याच गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या खेपेला कंपनी बदलून दिली. याला आम्ही 'उपचार बदलणे' म्हणतो!

पाचव्या महिन्यात त्यांच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले, मागून सुनेने धरले होते. चार पावले चालले की धाप लागत होती. पायांवर सूज, जीभ पांढरी. खालची पापणी ओढून पाहिली तर आत रंगच नव्हता. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ४.८. बाईमाणसात ते १२ च्या वर असावे लागते. त्याच रात्री नाशिकला पाठवले. तीन पिशव्या रक्त चढले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. सहा-सात वर्षांपासून दर महिन्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जात होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. पुरुष डॉक्टरला हे कसे सांगायचे, ही त्यांची अडचण होती. माझी अडचण कोणती होती? गर्दी, एवढेच म्हणता येईल, आणि ते उत्तर पुरेसे नाही.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. उपकेंद्रातून त्यांना लोहाच्या गोळ्या मिळत होत्या. त्या त्यांनी फेकल्या नव्हत्या, नेमाने घेतल्या होत्या. पण माझी कॅल्शियमची गोळी आणि ती लोहाची गोळी एकत्र, जेवण झाल्याझाल्या, चहाबरोबर. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला आतड्यात शिरू देत नाहीत. म्हणजे मी नुसते निरुपयोगी नव्हे, आडवे येणारे औषध दिले होते.

ऑपरेशन होऊन दोन-अडीच महिन्यांनी त्या भेटायला आल्या. मी काही बोलण्याआधी त्याच सहजपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मी तुम्हाला नखं दाखवली होती ना." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य आजही ऐकू येते. त्यांची नखे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिली. मुळाशी नवे नख गोल, गुलाबी येत होते आणि टोकाकडचा जुना अर्धा भाग पांढुरका, मधे दबलेला, चमच्यासारखा खोलगट. हे चित्र एमबीबीएसच्या पुस्तकात असते, आणि परीक्षेत मी ते ओळखलेही असणार.

चमच्यासारखे नख

निरोगी नख घरावर उपड्या घातलेल्या कौलासारखे बाहेरून फुगीर असते. लोह कमी होत गेले की ते आधी पातळ होते, मग सपाट, मग मधे खोलगट. अशा नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही, बशीत बसावा तसा बसतो. तान्ह्या मुलांच्या पायाची नखे काही काळ अशी असतात, त्याची काळजी नको. मोठ्या माणसात मात्र हे दिसले तर रक्त तपासावे. मात्र नखे चांगली आहेत म्हणजे रक्त चांगले आहे असे समजू नये. खोलगट नख हे बऱ्याच उशिरा दिसणारे लक्षण आहे आणि पुष्कळ पांडुरोग्यांत ते दिसतही नाही. थकवा, जिना चढताना धाप, डोके दुखणे, खडू-माती-कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा, यांकडे आधी लक्ष द्यावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे शेजारच्या घरात नसेल तर ती आपल्या घरात आहे.

हिमोग्लोबिन तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. त्या घ्यायच्या कशा हे मात्र कोणी नीट सांगत नाही. गोळी घेण्याआधी आणि घेतल्यावर किमान तास-दीड तास चहा-दूध नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. बरोबर लिंबूपाणी किंवा आवळा घेतला तर लोह अधिक शोषले जाते. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळले तर गोळी बंद करण्याऐवजी रात्री जेवणानंतर घ्यावी. आणि हिमोग्लोबिन वाढले म्हणून लगेच थांबू नये. त्यानंतरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवल्याशिवाय शरीरातली कोठी भरत नाही.

पण गोळी देण्याआधी रक्त जाते कुठे हे शोधायला हवे. बायकांत पाळी, अनवाणी शेतात राबणाऱ्यांत आकडीचे जंत, पुरुषांत मूळव्याध किंवा जठरातून होणारा रक्तस्राव. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन ८ निघाले तर त्याला नुसती गोळी देऊन घरी पाठवणे ही माझ्या त्या चुकीचीच दुसरी आवृत्ती होईल.

खाण्याबद्दल सांगायचे तर बाजरीची भाकरी हे आपल्या भागाचे भाग्य आहे. बाजरीत लोह चांगले असते. बरोबर हिरवी पालेभाजी, मटकी-हरभऱ्याची उसळ, वर लिंबू पिळलेले, आणि मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा. डाळिंबाने रक्त वाढते, हा समज मात्र सोडून द्यावा लागेल. डाळिंबाच्या तालुक्यात राहून हे लिहिणे धाडसाचे आहे, पण डाळिंबाच्या दाण्यांत लोह फारच थोडे असते. रंग लाल आहे म्हणून रक्त होत नाही. बीटाचेही तेच. डाळिंब जरूर खा, फळ म्हणून ते उत्तमच आहे. पण हिमोग्लोबिन ७ असलेल्या सुनेला रोज एक डाळिंब देऊन सासूबाईंनी निश्चिंत होऊ नये.

थायरॉइड आणि इतर

एका शाळेतल्या बाई नखे आणि केस या दोन्हींसाठी वर्षभर महागडी तेले लावून थकल्या होत्या. वजन वाढले होते, कातडी खरखरीत, थंडी सोसत नव्हती, शौचाला साफ होत नव्हते. थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली आणि सात-आठ महिन्यांनी नखे पूर्ववत झाली. एवढ्या लक्षणांपैकी दोन-तीन जरी असतील तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी.

येथे एक आधुनिक अडचण सांगितली पाहिजे. नखे-केसांसाठी हल्ली बायोटिनच्या गोळ्यांचा सुकाळ झाला आहे. बायोटिन हे एक ब जीवनसत्त्व आहे. त्याचा शोध नखांच्या बाबतीत लागला तो घोड्यांच्या खुरांवरून. ठिसूळ खुरांना बायोटिनने फायदा होतो असे पशुवैद्यांना दिसले, मग ते माणसांच्या नखांवर करून पाहिले गेले. काहींना थोडा गुण येतो, पण पुरावा तोकडा आहे. धोका वेगळाच आहे. बायोटिन रक्तात असताना थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते, काही पद्धतींत हृदयविकाराचीसुद्धा. म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि लॅबवाल्यांना तसे सांगावे.

नख पिवळट, जाड होऊन खालून भुसा पडू लागला तर बुरशी. ते खरवडून तपासल्याशिवाय बुरशीच्या गोळ्या सुरू करू नयेत. त्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम तर लावूच नये, त्याने नायटा व बुरशी दोन्ही फोफावतात. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे नखावर दिसले आणि कोपर-गुडघ्यांवर खवल्यांचे चट्टे असतील तर सोरायसिस, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. साठीनंतर नखांवर उभ्या रेघा उठतात आणि ती त्या रेघांवर चिरतात. तो वयाचा भाग आहे, सुरकुतीसारखा. एकाच नखाखाली मुळापासून टोकापर्यंत नवी काळी पट्टी उठली आणि रुंदावत चालली, तर मात्र वाट पाहू नये, लगेच तज्ज्ञांकडे जावे.

शेगाव तालुक्यातले प्रकरण

नखांबद्दल बोलताना गेल्या काळात वाचकांनी मला सर्वाधिक विचारलेला प्रश्न बुलढाणा जिल्ह्याविषयीचा आहे. २०२४ चा डिसेंबर संपता संपता आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडलेली माणसे, बाया, शाळकरी मुले. आधी संशय पाण्यावर गेला. दिल्ली-चेन्नईहून शास्त्रज्ञांची पथके आली. विंचूदंशावरील उपचारासाठी ज्यांचे नाव जगभर झाले त्या महाडच्या पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तिथे जाऊन नमुने घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर निघाले, आणि रेशनच्या गव्हाच्या त्यांनी तपासलेल्या नमुन्यांतही. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

केस आधी आणि नखे तीन महिन्यांनी का, असे एका शिक्षकांनी विचारले. उत्तर वरच्या हिशेबात आहे. केसाच्या मुळाला इजा झाली की केस काही दिवसांत सुटतो. नखाच्या मुळाला झालेली इजा कातडीबाहेर येऊन पुढे सरकायला काही महिने लागतात. सेलेनियम शरीराला हवे असते, पण दिवसाला मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाइतके. काही पटींनी वाढले की ते केराटिनमधल्या गंधकाच्या जागी जाऊन बसते आणि बंध कच्चे राहतात. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत हे मूलद्रव्य निसर्गतःच जास्त आहे. तिथे जनावरांची खुरे गळण्याचा आणि माणसांची नखे खराब होण्याचा अनुभव जुना आहे.

आपल्याकडे तसे काही आहे का? सटाण्यात मी तसे पाहिलेले नाही. पण यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एकाच वेळी एका गावातल्या अनेक घरांत केस किंवा नखे जाऊ लागली तर तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. दुसरी गोष्ट, केस-नखांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत सेलेनियम घातलेले असते. एकीने गुण येईना म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेतल्या तर नखे वाचवायला निघालेला माणूस नखे घालवून बसेल.

घरी काय करावे

हात पाण्यातून काढले की नखांच्या कडा आणि बोटांच्या सांध्या पुसून कोरड्या कराव्यात. रात्री निजताना दहा मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवावेत, ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन नखांना व मुळाशी चोळून लावावे. पाणी नखाला वाईट म्हटले आणि आता पाण्यात बुडवायला सांगतो, यात विसंगती वाटेल. पण वाईट असते ते वारंवार भिजणे-सुकणे. वर तेलाचा थर दिला की आत गेलेले पाणी लवकर उडत नाही आणि नख लवचीक राहते. फार कोरडी नखे असतील तर युरिया असलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे. भांडी, कपडे यांसाठी रबरी हातमोजे, जमल्यास आत सुती मोजा. नखे आंघोळीनंतर मऊ असताना, आखूड, नेलकटरने कापावीत. ब्लेडने नाही, दाताने तर नाहीच. नेलपॉलिशला माझा विरोध नाही, मात्र ते काढायचे रसायन नख फार सुकवते, ते आठवड्यातून एकदापेक्षा अधिक वापरू नये.

लागवडीत हातमोजे चालत नाहीत, हे मला बायांनी ठणकावून सांगितले आहे. रोप बोटांना कळत नाही, हात मंदावतो, उक्त्यात ते परवडत नाही. बरोबर आहे. काही जणी बोटांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळतात. ती चालेल, पण दुपारी काढून बोटे कोरडी करून नवी लावावी. ओली पट्टी दिवसभर राहिली तर नखुरडे होते. सकाळी निघताना बोटांना व्हॅसलीनचा जाड हात द्यावा, हे सर्वांत सोपे. आणि नखाच्या मुळाची पातळ कातडी खरवडू नये, जंतूंना अडवणारा तोच बांध आहे. नखुरडे झालेच तर बोटात लिंबू टोचून बसवण्याची पद्धत आहे. सुरुवातीला त्याने थंड वाटत असेल, पण ठणका रात्री झोपू देत नसेल तर आत पू झालेला असतो आणि तो काढावाच लागतो. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

त्या संध्याकाळी आलेल्या बाईंच्या पापण्या पाहिल्या, पाळीचे विचारले, हिमोग्लोबिन केले. ११.६ निघाले. थोडे कमी, लोहाच्या गोळ्या पुरेशा होत्या. नखांसाठी मी व्हॅसलीनची डबी लिहून दिली. कॅल्शियम दिले नाही म्हणून त्या काहीशा नाराजच होऊन गेल्या. पण तिसऱ्या दिवशी टोळीतल्या आणखी चौघी पिकअपमधून उतरल्या. चौघींनीही हात पुढे केले. तिघींची उजव्या हाताचीच बोटे. चौथी मागे उभी होती, विशी-बाविशीची, डाव्या करंगळीपर्यंत दहाही नखे सपाट. तिला आत घेतले, सिस्टरला जवळ बसवले आणि नखांविषयी काहीही बोलण्याआधी विचारले, "ताई, पाळी किती दिवस जाते?"

ती सिस्टरकडे पाहून म्हणाली, "बारा."